यंदा पाचटाला काडी लावू नका

ऊस उत्पादक शेतकरी, तोडणी टोळ्या, साखर कारखाने आणि ऊसपट्ट्यातील सर्व गावकऱ्यांना आवाहन

गाळप हंगाम सुरू झाला आहे. कोल्हापूर-सांगलीपासून सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, लातूर, धाराशिवपर्यंत उसाचे फड रिकामे होऊ लागले आहेत. तोड झालेल्या प्रत्येक शेतात येत्या काही दिवसांत एक निर्णय व्हायचा आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो फारसा विचार न करताच होतो. ऊस गाडीत चढतो, दोन-चार दिवस पाचट वाळते आणि एका संध्याकाळी बांधावरून कुणीतरी काडी लावतो. थोड्या वेळात शेत काळे आणि मोकळे होते.

या हंगामात ती काडी लावू नका, एवढीच ही विनंती आहे. ती आजच करावी लागते, कारण पाचट जळाले की त्या वर्षापुरता विषय संपतो. मग पुढच्या तोडीपर्यंत त्या मातीला दुसरे काही देणे बहुतेकांना परवडत नाही. शेणखत मिळत नाही, मिळाले तर त्याचा भाव विचारवत नाही. गोठ्यातली जनावरे कमी झाली आणि त्यांच्याबरोबर उकिरडेही गेले. अशा काळात शेतातच तयार झालेले, वाहतुकीचा एक रुपया न लागणारे सेंद्रिय द्रव्य आपण आपल्या हाताने पेटवतो.

जळते ते काय?

एका हेक्टरातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. हिशेब मांडला तर हेक्टरी ४० ते ५० किलो नत्र होते, म्हणजे युरियाच्या दोन गोण्यांइतके. सेंद्रिय कर्ब तर अडीच ते चार टन.

राखेत खत असतेच की, असे कुणी म्हणेल. पालाश आणि बराचसा स्फुरद राखेत उरतो, हे खरे आहे. पण राख वाऱ्याने एका जागी राहत नाही आणि पाण्याबरोबर सरीच्या टोकाला जाऊन बसते. नत्र आणि कर्ब मात्र जवळपास सगळेच धुरावाटे जातात. गंधकाचाही मोठा वाटा जातो. म्हणजे जे विकत घ्यायला सर्वांत महाग पडते, आणि जे विकत मिळतच नाही, तेच आधी जाते.

आगीची धग जमिनीत फार खोल जात नाही. वरच्या काही सेंटिमीटरांतले जीव होरपळतात, खालचे वाचतात. त्यामुळे 'आमच्या रानात तर दरवर्षी जाळतो, तरी ऊस येतोच' असे म्हणता येते. खरे नुकसान आगीनंतरचे आहे. वाचलेल्या जिवांना पुढचे वर्षभर खायला काही उरत नाही. ज्या बैलांकडून वर्षभर काम घ्यायचे, त्यांचीच वैरण पेटवून द्यावी, तसला हा प्रकार आहे.

मातीतले हे जीव करतात तरी काय?

चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवाणू असतात. सोबत बुरशी, ॲक्टिनोमायसिट्स, एकपेशीय जीव, सूत्रकृमी असतात. पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा वास बराचसा ॲक्टिनोमायसिट्सनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. ज्या रानाला हा वास येत नाही, त्या रानाची काळजी करावी.

पाचट ओले राहिले आणि मातीला टेकले की पहिल्यांदा कामाला लागते ती बुरशी. पाचटातले सेल्युलोज आणि लिग्निन हे चिवट पदार्थ फोडण्याची ताकद तिच्यात आहे. काही आठवड्यांनी पाचटाचा थर उचलून पाहा, खाली पांढरे तंतू पसरलेले दिसतील. बुरशीने फोडलेल्या अन्नावर जिवाणू वाढतात. जिवाणूंना एकपेशीय जीव आणि सूत्रकृमी खातात. (सगळेच सूत्रकृमी पिकाचे शत्रू नसतात.) या खाण्यात जास्तीचे नत्र मुळांच्या आसपासच मोकळे होते आणि ते उसाला मिळते. मग गांडुळे येतात आणि वरचे सेंद्रिय द्रव्य खाली नेतात.

ऊसही नुसता घेत नाही. पानांत तयार झालेल्या साखरेचा काही भाग तो मुळांवाटे मातीत सोडतो आणि त्यावर मुळांभोवतीचे जिवाणू पोसले जातात. त्यांतले काही हवेतले नत्र बांधतात. अझोटोबॅक्टर, अझोस्पिरिलम ही नावे आता गावोगावच्या कृषी सेवा केंद्रांत ओळखीची आहेत. नत्र बांधणारा एक जिवाणू तर उसाच्या कांड्यांतच राहतो. ब्राझीलमध्ये योहाना डोबेरायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्याची नोंद केली. आपल्याकडे लागणीच्या आधी बेणे ज्या ॲसिटोबॅक्टरच्या द्रावणात बुडवतात, तो हाच.

दख्खनच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरदाची अडचण वेगळी असते. टाकलेले सुपर फॉस्फेट चुन्याशी बांधले जाते आणि जमिनीत असूनही पिकाला मिळत नाही. स्फुरद विरघळवणारे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून ते पुन्हा मोकळे करतात. म्हणजे वर्षानुवर्षे पैसे मोजून टाकलेले खत मातीत पडून आहे आणि ते काढून देणारे जीव उपाशी आहेत, अशी आज अनेक रानांची स्थिती आहे.

याहून मोठे काम मातीच्या घडणीचे. जिवाणूंचे चिकट स्राव आणि बुरशीचे तंतू मातीच्या बारीक कणांना एकत्र बांधतात. त्यातून रवाळ, भुसभुशीत माती घडते, तिच्यात हवा खेळते आणि पाणी मुरते. हे काम थांबले की ढेकळे दगडासारखी होतात, नांगराला जास्त ताकद लागते, पाणी वर साचते आणि खाली कोरडे राहते. मग आपण आणखी पाणी देतो. सांगली-कोल्हापुरात क्षारपड झालेल्या जमिनींमागे पाण्याचा अतिवापर आणि निचऱ्याचा अभाव ही मुख्य कारणे आहेत. पण निर्जीव, घट्ट झालेली माती त्या संकटाला हातभारच लावते.

कुजतानाही कर्ब जातो, मग फरक काय?

हा प्रश्न रास्त आहे. पाचट कुजते तेव्हाही त्यातला बराच कर्ब जिवाणूंच्या श्वसनातून हवेत परत जातो. मातीत टिकाऊ ह्यूमस म्हणून उरतो तो थोडा वाटा. पण आगीत तो काही मिनिटांत जातो आणि काहीच काम करून जात नाही. कुजताना तोच कर्ब महिनोन्‌महिने खर्च होतो. त्यावर जिवाणूंच्या पिढ्या जगतात, स्फुरद मोकळे होते, कण बांधले जातात. शिवाय वरचा थर उन्हाळ्यात जमीन झाकून ठेवतो. ओल टिकते, तण दबते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात उघडी काळी जमीन जशी भाजून निघते तशी भाजत नाही.

म्हणूनच एका वर्षात चमत्काराची अपेक्षा धरू नका. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २२ लाख किलो भरते. त्यात सेंद्रिय कर्ब केवळ ०.१ टक्क्याने वाढवायचा तर २.२ टन कर्ब मातीत टिकून राहावा लागतो. पाचटातल्या अडीच-चार टनांपैकी थोडाच टिकतो. तेव्हा माती परीक्षणाच्या कागदावरचा आकडा हलायला चार-पाच हंगाम लागतील. मात्र ओल धरणे, तण कमी होणे, माती मऊ पडणे हे बदल पहिल्याच खोडव्यात हाताला जाणवू लागतात.

जाळण्यामागची कारणे खोटी नाहीत

शेतकरी हौसेने जाळत नाही. पाचटातून पाणी पुढे सरकत नाही. खते टाकता येत नाहीत. उंदीर होतात. माणसे मिळत नाहीत. शेजाऱ्याने पेटवले तर आपलेही पेटेल ही भीती असते. आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की 'मागे एकदा ठेवले होते, तर खोडवा पिवळा पडला.'

या तक्रारीचे कारण समजून घेतले पाहिजे, कारण बहुतेकांनी पाचट ठेवणे सोडले ते इथेच. पाचटात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे ७० ते ८० भाग असतात. जिवाणूंच्या शरीरात हेच प्रमाण एकाला आठच्या आसपास असते. इतके कर्बयुक्त अन्न पचवायला त्यांना नत्र कमी पडते, मग ते मातीतले नत्र उचलतात आणि काही आठवडे उसाला ते मिळत नाही. ऊस पिवळा दिसतो. पुढे हेच जिवाणू मरतात तेव्हा ते नत्र परत मिळते. हा दोष पाचटाचा नाही. सुरुवातीला वरून थोडे नत्र द्यायचे राहून गेले, एवढेच. ते दिले की अडचण सुटते. उरलेल्या बहुतेक अडचणींनाही कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत आणि शेतकऱ्यांच्या अनुभवात उत्तरे आहेत.

तोडीनंतर काय करायचे?

१. वाढे जनावरांना न्या, त्याला हरकत नाही. पाचटाचे ढीग मात्र फोडा आणि सऱ्यांत सारखे पसरा. गटात किंवा कारखान्याकडे ट्रॅक्टरवरचे पाचट कुट्टी यंत्र असेल तर ते फिरवा. तुकडे झाले की पाणीही सरकते आणि कुजणेही लवकर होते.

२. बुडखे उघडे करून धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. फुटवा जमिनीखालच्या डोळ्यांतून जोमाने येतो. पाचटाखाली बुडखे दाबून ठेवले तर उगवण मार खाते, म्हणून बुडख्यांवरचे पाचट बाजूला सारा.

३. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक पाचटावर सारखे टाका. एकरी हिशेबाने ३२ किलो, ४० किलो आणि ४ किलो. संवर्धक ओलसर शेणखतात मिसळून टाका, रासायनिक खताबरोबर एकाच घमेल्यात कालवू नका.

४. लगेच पाणी द्या. पहिले पाणी हळू सरकेल. लांब सऱ्या मधे तोडून लहान करा. पाचट भिजून मातीला टेकले की पुढच्या पाळ्या सोप्या जातात. वाफशावर माणसे सरीतून चालली तरी पाचट दाबले जाते.

५. खत पहारीने द्या. तोडीनंतर १५ दिवसांच्या आत बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर, तितकेच खोल छिद्र घ्या. दोन छिद्रांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि खत टाकून छिद्र बुजवा. दुसरा हप्ता १३० ते १३५ दिवसांनी सरीच्या विरुद्ध बाजूला. खत मुळाशी जाते, उन्हात उडत नाही आणि पाण्याबरोबर वाहत नाही. माणूसबळ लागते, पण बगला फोडणे, खुरपणी आणि पाण्याच्या काही पाळ्या वाचतात. हिशेब दोन्ही बाजूंनी करा.

६. नांग्या वेळेवर भरा. विरळ खोडवा पाचटाच्या जिवावर तरत नाही.

७. काणी किंवा गवताळ वाढ दिसलेली बेटे मुळासकट काढून नष्ट करा. ज्या प्लॉटमध्ये रोग फार आहे, त्याचा खोडवाच घेऊ नका. पाणी साचणाऱ्या रानात आधी निचऱ्याचे चर काढा.

८. उंदरांसाठी बांध स्वच्छ ठेवा आणि शेजाऱ्यांसोबत एकाच वेळी बंदोबस्त करा. एकट्याने केलेला उपाय आठवडाभरच टिकतो. हुमणीचा त्रास असेल तर मेटारायझियम ही बुरशी वापरा. तीही जमिनीतलीच आहे, ती हुमणीच्या अळ्यांना मारते, आणि तिला लागणारी ओल पाचटाखालीच टिकते.

बाटलीतून जिवाणू आणून ओतले की काम झाले, असे समजू नका. कर्ब नसलेल्या, तापलेल्या रानात सोडलेले जिवाणू फार दिवस जगत नाहीत. आधी त्यांच्या अन्नाची सोय करा, मग संवर्धक घ्या. घेताना मुदत बघा आणि पाकीट उन्हात ठेवलेले नाही ना, हेही बघा.

खोडवा मोडतानाही घाईने सगळे उलथवू नका. कोल्हापूरचे शेतकरी आणि लेखक प्रताप चिपळूणकर यांनी विनानांगरणी शेतीचा आग्रह धरला तो याच कारणाने: आधीच्या पिकाची मुळे आणि बुडखे जागच्या जागी कुजू द्यावेत. भातात चंद्रशेखर भडसावळे यांनी नेरळजवळ विकसित केलेले सगुणा राईस तंत्रही मशागत टाळते आणि मुळे जमिनीतच ठेवते. पिके वेगळी, जमिनी वेगळ्या, पण धडा एकच.

हे एकट्या शेतकऱ्याचे काम नाही

तोडणी टोळ्यांना आणि मुकादमांना विनंती: उभा फड पेटवून तोड सोपी करू नका. जळीत उसाचे वजन घटते, साखर उतारा घसरतो, कारखाना कपात करतो आणि मातीचे अन्नही जाते. तुमचे श्रम किती कष्टाचे आहेत हे माहीत आहे. त्या श्रमांना रास्त दर मिळाला पाहिजे, तोही आगीशिवाय.

साखर कारखान्यांना विनंती: तोडणीच्या कार्यक्रमातच पाचटाचा कार्यक्रम घाला. ज्या गटात तोड लागणार, तिथे कुट्टी यंत्र आणि जिवाणू संवर्धक आधी पोचू द्या. शेती विभागातल्या माणसाने ऊस नेताना शेतकऱ्याच्या हातात पावतीबरोबर वरच्या आठ मुद्द्यांचा एक कागद द्यावा. पाचट ठेवणाऱ्या सभासदांची नावे वार्षिक सभेत वाचून दाखवा. ब्राझीलच्या साओ पावलो राज्याने २००२ मध्ये ऊस जाळणे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला, आणि २००७ मध्ये साखर उद्योगाने सरकारशी करार करून ती मुदत आणखी अलीकडे आणली. तिथे तोडणी यंत्रांवर भर होता, आपल्याकडची गणिते वेगळी आहेत. पण उद्योगाने मनावर घेतले तर वहिवाट बदलते, एवढे तरी त्यावरून कळते.

ग्रामपंचायतींना आणि सहकारी सोसायट्यांना विनंती: गावासाठी एक कुट्टी यंत्र भाड्याने फिरवा. शिवारात आग लागली तर कोणी धावायचे ते ठरवा आणि फड पेटवण्याविरुद्ध ग्रामसभेत ठराव घ्या. शेजाऱ्याच्या आगीची भीती आहे तोवर एकटा शेतकरी पाचट ठेवायला धजणार नाही.

शाळांना विनंती: मुलांना एक प्रयोग करायला द्या. पांढऱ्या सुती कापडाचे दोन सारखे तुकडे घ्या. एक जाळलेल्या रानात आणि एक पाचट ठेवलेल्या रानात, ओलीत वीतभर खोल पुरा. दोन महिन्यांनी काढा. जिथे कापड जास्त कुजले, तिथे माती जास्त जिवंत. दुसरा प्रयोग आणखी सोपा: दोन्ही रानांतले वाळलेले ढेकूळ पाण्याच्या काचेच्या पेल्यात सोडा. जे लगेच विरघळून पाणी गढूळ करते, त्या मातीत कण बांधणारे कमी उरले आहेत. मुलांनी घरी जाऊन सांगितलेले वडील ऐकतात.

शहरातल्या वाचकांना विनंती: गावी शेती असेल आणि ती वाट्याने किंवा खंडाने दिली असेल, तर कसणाऱ्याला फोन करा. पाचट ठेवायला त्याला जो जादा खर्च येईल, त्यातला तुमचा वाटा उचला. जमीन तुमची, सुपीकता घटली तर नुकसान तुमचे, आणि एका हंगामापुरता रान कसणाऱ्याने पुढच्या दहा वर्षांचा विचार एकट्याने का करावा?

निदान एक एकर

सगळ्या रानात एकदम करायची हिंमत नसेल तर निदान एक एकर राखा. तोडीआधी त्या एकराचे माती परीक्षण करून घ्या. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात, त्यांतल्या 'सेंद्रिय कर्ब' या ओळीवर बोट ठेवा. आकडा अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर तुमची माती उपाशी आहे. सलग चार हंगाम त्या एकरात पाचट ठेवा. बाकीचे रान तुमच्या पद्धतीने कसा. पाण्याच्या पाळ्या, खताच्या गोण्या, खुरपणीची मजुरी आणि उसाचे वजन दोन्हीकडे वहीत लिहा. चार हंगामांनंतर कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर त्या वहीवरून काय ते ठरवा.

पण त्यासाठी या हंगामातला पहिला एकर वाचला पाहिजे. तोडीची तारीख हातात आली असेल तर आजच मुकादमाला, शेजारच्या बांधकऱ्याला आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की या रानात आग लागणार नाही. युरिया, सुपर फॉस्फेट आणि संवर्धक आधीच आणून ठेवा. आणि ऊस गेला की दुसऱ्याच दिवशी बुडखे छाटायला माणसे लावा.